मॅट्रिक आणि माधुकरी : मुंबई इलाख्यातील हायस्कुलाची जडणघडण

मुंबई इलाख्यातील हायस्कूल कसे घडले हे पाहू गेल्यास असे दिसते की, तेथील इयत्ता, विषय, वेळापत्रक, शिक्षकाची प्रतिष्ठा आणि पुष्कळ अंशी विद्यार्थ्याचे राहणे-जेवणेसुद्धा एका परीक्षेने ठरवले. ही परीक्षा म्हणजे मॅट्रिक. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष चार्ल्स वुड याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, प्रत्येक इलाख्यात शिक्षण खाते, खासगी शाळांना अनुदान आणि वरच्या टोकाला विद्यापीठ अशी रचना सुचवली. त्यानुसार १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, घेण्यात आली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. परीक्षेचा मूळ हेतू मर्यादित होता. महाविद्यालयातील इंग्रजी व्याख्याने समजण्याइतकी तयारी उमेदवाराची आहे की नाही, एवढेच विद्यापीठाला तपासायचे होते. परंतु सरकारी नोकरी, समाजातील पत आणि पुढे लग्नाच्या बाजारातील किंमत या सर्वांनी त्याच परीक्षेचा आधार घेतल्यामुळे विद्यापीठात कधीही पाऊल न टाकणाऱ्या हजारो मुलांच्या आयुष्याचा निवाडा तिच्याच निकालावर होऊ लागला.

या परीक्षेच्या निकालांचा इतिहास सहसा बुद्धिमत्तेचा आणि परिश्रमाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि निकालाच्या मागे असलेल्या गोष्टी बारकाईने पाहिल्या, तर हायस्कूल असलेल्या गावी राहण्याची जागा कोणाला मिळाली, दोन वेळचे अन्न कोणाच्या घरून आले, फी कोणी भरली आणि कोणत्या भाषेचा वर्ग कोणाला खुला होता, या प्रश्नांची उत्तरे गुणपत्रिकेपेक्षा अधिक निर्णायक ठरतात. हायस्कुलाच्या इतिहासात अभ्यास आणि अन्न यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही.

त्या काळच्या इयत्तांची शिडी आजच्या वाचकाला समजावून घ्यावी लागते. मूल प्रथम मराठी शाळेत चार इयत्ता शिके. तेथे वाट फुटे. एक वाट मराठीतच पुढे जाऊन मराठी सातवीच्या परीक्षेपर्यंत पोचे. ही परीक्षा पुढे व्हर्नाक्युलर फायनल, किंवा बोलीत नुसतीच ‘फायनल’, या नावाने ओळखली गेली आणि ती उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शाळेतील मास्तरकी किंवा महसूल खात्यातील लहानशी जागा मिळू शके. दुसरी वाट इंग्रजी पहिलीत जाई. इंग्रजी पहिली ते तिसरी या इयत्ता अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेत, म्हणजे इंग्रजी आणि देशी भाषा दोन्ही चालणाऱ्या मधल्या शाळेत होत, आणि इंग्रजी चौथी ते सातवी या इयत्तांना हायस्कूल म्हणत. इंग्रजी सातवी म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग, आणि आजच्या मोजणीने तो अकरावीचा वर्ग ठरतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने कोणती वाट धरायची हे बहुधा त्याच्या वडिलांच्या मिळकतीवर आणि गावापासून इंग्रजी शाळा किती कोसांवर आहे यावर अवलंबून असे, आणि एकदा मराठी वाटेवर गेलेल्याला परत इंग्रजी पहिलीत, आपल्याहून काही वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी, बसावे लागे.

सरकारी हायस्कुले जिल्ह्याच्या ठिकाणी होती. मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल हे त्यांतले सर्वांत मानाचे. मूळच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनची १८५६ मध्ये महाविद्यालय आणि हायस्कूल अशी विभागणी होऊन ते स्वतंत्र झाले. पुणे, रत्नागिरी, सातारा येथील हायस्कुलांनीही आपापल्या प्रदेशातील होतकरू मुले ओढून घेतली, तर कोल्हापुरात संस्थानच्या राजाराम हायस्कुलाने तेच काम केले. या शाळांचे हेडमास्तर हे पद त्या काळी किती वजनदार होते हे भांडारकरांच्या चरित्रावरून कळते. पदवीनंतर त्यांनी सिंधमधील हैदराबाद आणि नंतर रत्नागिरी येथील हायस्कुलांचे मुख्याध्यापकपद सांभाळले आणि त्याच काळात हायस्कुलातील मुलांसाठी संस्कृतची पहिली व दुसरी पुस्तके इंग्रजीत लिहिली. जुन्या पाठशाळेत रूपावली आणि अमरकोश यांच्या पाठांतराने वर्षानुवर्षे चालणारे संस्कृतचे अध्ययन या पुस्तकांमुळे धड्यांत बसले, प्रत्येक धड्याखाली भाषांतराची वाक्ये आली, आणि प्रश्नपत्रिकेत विचारता येईल अशा आकारात एक प्राचीन भाषा हायस्कुलात स्थिर झाली.

परीक्षेचे विषय म्हणजे इंग्रजी, दुसरी भाषा, गणित आणि सामान्य ज्ञान. सामान्य ज्ञानात इतिहास, भूगोल आणि सृष्टिविज्ञानाची तोंडओळख येई. भूमिती युक्लिडच्या क्रमाने शिकवली जाई आणि उत्तरे इंग्रजीत लिहायची असल्यामुळे पुष्कळ मुले सिद्धांत आणि त्याची सिद्धता शब्दशः पाठ करून जात. त्यांना भूमिती येत नसे असा याचा अर्थ नाही. समजलेली गोष्ट परक्या भाषेत नव्याने मांडण्याचा धोका परीक्षेत पत्करणे त्यांना परवडत नसे. एका विषयात गुण कमी पडले तर सबंध परीक्षा पुन्हा द्यावी लागे. एकोणिसाव्या शतकात बसलेल्यांपैकी बहुसंख्य उमेदवार नापास होत असत, आणि त्यामुळे मॅट्रिकला दोन-तीनदा बसणे ही नामुष्की न राहता रीतच होऊन बसली होती. ‘मॅट्रिकच्या वाऱ्या’ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला, आणि ‘मॅट्रिक फेल’ किंवा ‘नॉन-मॅट्रिक’ ही वर्णने नोकरीच्या अर्जांत शिक्षण म्हणून नोंदवली जाऊ लागली, कारण त्या वर्गापर्यंत पोचणे हेच मुळात दुर्मीळ होते.

निकालाशी शाळेचा पैसाही बांधलेला होता. मुंबई इलाख्यात खासगी शाळांना अनुदान देण्यासाठी दीर्घकाळ ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत चालू होती. शिक्षण खात्याचा अधिकारी शाळेत येऊन इयत्तेगणिक मुलांची परीक्षा घेई आणि जितकी मुले ज्या विषयात उत्तीर्ण होत त्या प्रमाणात शाळेला रक्कम मिळे. या व्यवस्थेने हिशेब चोख ठेवला, पण वर्गातील मंद मुलाकडे खर्चाची बाब म्हणून पाहण्याची सवयही तिनेच लावली. वरच्या वर्गात आधी शाळेने स्वतःची चाचणी परीक्षा घ्यायची आणि तीत कच्चा ठरलेल्याचा मॅट्रिकचा फॉर्म अडवून ठेवायचा, ही प्रथा याच मनोवृत्तीचे अपत्य होय. शाळेचा शेकडा निकाल त्यामुळे उंचावे. अडवलेल्या मुलाचे एक वर्ष आणि त्या वर्षाचा खानावळीचा खर्च कोणत्याही तक्त्यात दिसत नसे.

हा खर्च किती कठीण होता याची कल्पना गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विद्यार्थिदशेवरून येते. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. गोखले १८८१ मध्ये मॅट्रिक झाले. एका घरातील एक मुलगा शिकावा म्हणून दुसऱ्याने शिकणे थांबवायचे, ही वाटणी महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी पुढची शंभर वर्षे केली, आणि शिकलेल्याचे नाव यादीत राहिले तरी थांबलेल्याचे राहिले नाही.

परीक्षेच्या केंद्रापर्यंत पोचणे हीसुद्धा एक परीक्षाच होती. धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या आत्मचरित्रात मराठी शाळेच्या परीक्षेचा जो प्रसंग नोंदवला आहे तो या दृष्टीने फार मोलाचा आहे. १८७५ मध्ये सार्वजनिक नोकरीसाठी लागणारी परीक्षा देण्याकरिता ते कोकणातील मुरूडहून सोबत्यांसह पायी निघाले, भर पावसात सह्याद्रीचा घाट चढून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास पोचले, आणि तेथे परीक्षा समितीच्या प्रमुखाने त्यांची अंगकाठी पाहून हा मुलगा ठरलेल्या वयाचा दिसत नाही असे म्हणत त्यांना बसू दिले नाही. वयाचा दाखला त्यांच्याजवळ होता. पुढच्या वर्षी त्यांनी ती परीक्षा कोल्हापुरात दिली, नंतर पुन्हा मागे येऊन इंग्रजी शाळेत प्रवेश घेतला, आणि १८८१ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मुंबईहून मॅट्रिक झाले. वर सांगितलेल्या फुटलेल्या वाटेवरून परत फिरण्याची किंमत किती होती हे या वयाच्या आकड्यात स्पष्ट दिसते.

गावाबाहेरून आलेल्या ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी मात्र एक जुनी सोय उभी होती. वेदपाठशाळेच्या परंपरेतून आलेली माधुकरी, म्हणजे झोळी घेऊन ठराविक घरी शिजलेले अन्न मागण्याची रीत, आणि ‘वार लावणे’, म्हणजे आठवड्याच्या सात वारी सात वेगवेगळ्या घरी जेवण्याची व्यवस्था, या दोन्ही इंग्रजी शाळेच्या काळातही चालू राहिल्या. पुण्यातील सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत सकाळी सोवळे नेसून माधुकरी मागणारा मुलगा दुपारी हायस्कुलात बीजगणित सोडवी. या व्यवस्थेत अपमान पुष्कळ होता. वाराच्या घरी कोणती कामे करावी लागतील, पंगतीत कोठे बसावे लागेल आणि एखाद्या वारी यजमानांच्या घरात अशौच असल्यास उपास घडेल काय, हे विद्यार्थ्याच्या हाती नसे. तरीसुद्धा ती एक सामाजिक शिष्यवृत्तीच होती, कारण ती मिळण्यासाठी परीक्षा द्यावी लागत नसे, आणि अनेक गरीब मुले केवळ तिच्या बळावर शिकली. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा निराधार मुलांच्या निवासाला आणि भोजनाला संस्थेचे रूप दिले.

मात्र ही शिष्यवृत्ती जन्मावर मिळत होती. कुणबी, माळी, धनगर किंवा महार मुलाला वार लावून देणारे घर पेठांत नव्हते, आणि ज्या जातींत हायस्कुलापर्यंत कोणी पोचलेच नव्हते त्यांच्याकडे शहरात राहणारा शिकलेला नातेवाईकही नव्हता. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात शेतकऱ्याच्या श्रमातून गोळा होणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हा मुख्य आक्षेप होताच. पण त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी केलेले विवेचन आजही विशेष लक्ष वेधून घेते. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्या मार्गाने शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही, म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाचा प्रसार झालेला नाही त्यांच्यासाठी त्या राखून ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षेतील गुण आणि त्यामागील परिस्थिती यांचा संबंध इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे कोणी मांडला नव्हता. आयोगाने सरकारने माध्यमिक शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्यावे आणि अनुदानाच्या साहाय्याने खासगी संस्थांना पुढे येऊ द्यावे अशी शिफारस केली. तिचा लाभ महाराष्ट्राला झाला हे नाकारता येणार नाही. आयोगापूर्वीच, १८८० मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलसारख्या शाळांनी सरकारी हायस्कुलांशी निकालात बरोबरी केली. पण खासगी संस्था प्रथम तेथेच उभ्या राहिल्या जेथे शिकलेला वर्ग आधीपासून होता.

शाळांमधील या चढाओढीत संस्कृतला आगळे महत्त्व आले ते जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीमुळे. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे अग्रणी जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट १८६५ मध्ये निवर्तल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यांसाठी ती ठेवण्यात आली, आणि ‘शंकरशेट मिळाली’ एवढे दोनच शब्द विद्यार्थ्याची आणि शाळेची कीर्ती सांगण्यास पुरेसे होऊ लागले. कोशकार वामन शिवराम आपटे यांनी ती १८७३ मध्ये मिळवली होती आणि पुढे ते न्यू इंग्लिश स्कूलचे प्रमुख झाले, तेव्हा मुलांना संस्कृतात तयार करण्याची जिद्द त्यांच्याबरोबर शाळेत आली. १९१२ मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली.

त्याच्या पाच वर्षे आधी, १९०७ मध्ये, भीमराव रामजी आंबेडकर हे एल्फिन्स्टन हायस्कुलातून तीच परीक्षा उत्तीर्ण झाले होते. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. हा आकडा अनेकदा कौतुकाने किंवा आश्चर्याने सांगितला जातो, पण तो कोणत्या परिस्थितीतून आला हे पाहणे अधिक आवश्यक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाले. हीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली, तिच्या नोंदवहीत १९१४ या अनुक्रमांकासमोर ‘भिवा’ हे त्यांचे नाव आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. साताऱ्यात त्यांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावता येत नसे, आणि शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. मुंबईच्या मानाच्या हायस्कुलात आल्यावरही परिस्थिती पूर्ण पालटली नाही. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवण्यास बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी ते घाईघाईने बाजूला ओढले, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. संस्कृतचा वर्ग त्यांना नाकारण्यात आला आणि दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. म्हणजे ज्या विषयाभोवती मॅट्रिकचा सर्वोच्च सन्मान गुंफलेला होता, त्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेपर्यंतही त्यांना पोचू दिले गेले नव्हते. परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंबासह राहून, अर्धी रात्र झाल्यावर उठून केलेल्या अभ्यासाचे ते २८२ गुण होते. त्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कार सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. देशमुख आणि आंबेडकर हे दोघेही १९५०-५१ मध्ये एकाच केंद्रीय मंत्रिमंडळात, एक अर्थमंत्री आणि दुसरे कायदामंत्री म्हणून, बसले होते. मॅट्रिकच्या गुणांतील त्यांच्यामधले अंतर तेव्हा कोणाला मोजावेसे वाटले नसते.

वाराच्या घराला पर्याय उभा करण्याचे पहिले मोठे काम कोल्हापुरात झाले. शाहू महाराजांनी प्रथम १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, पण त्यात हळूहळू ब्राह्मण विद्यार्थीच उरले. तेव्हा त्यांनी दिशा बदलली आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांना आपापली वसतिगृहे काढण्यास जागा, पैसा आणि उत्तेजन दिले. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. जातवार वसतिगृहांनी जात घट्ट केली अशी टीका पुढे झाली. ती सर्वस्वी निराधार नसली तरी, तत्कालीन गावकऱ्याने आपला मुलगा परक्या शहरात कोणाच्या भरवशावर ठेवावा या प्रश्नाला दुसरे व्यवहार्य उत्तर तेव्हा दिसत नव्हते. समाजाने जेवण पुरवायचे आणि संस्थानने जागा द्यायची, या सूत्राने राजाराम हायस्कुलाच्या बाकांवर शेतकऱ्यांची मुले प्रथमच संख्येने दिसू लागली.

त्या मुलांपैकी एक भाऊराव पायगोंडा पाटील होते. जैन वसतिगृहात राहत असताना ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ते स्वतः मॅट्रिक झाले नाहीत. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले, ज्याचे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग असे झाले. तेथे मुलेच दळण, स्वयंपाक, शेतीकाम आणि झाडलोट करीत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या अन्नासाठी धान्य आणायला पैसे उरले नाहीत तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रसुद्धा, मोडले. १९४० मध्ये साताऱ्यात निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात फी नव्हती आणि ‘कमवा आणि शिका’ हे तेथील रोजचे वेळापत्रक होते. पहाटे शेतात किंवा बांधकामावर श्रम, मग वर्ग, आणि रात्री कंदिलाभोवती अभ्यास. माधुकरीतील दात्याची मर्जी आणि घेणाऱ्याचे मिंधेपण या दोन्ही गोष्टी या व्यवस्थेने एकदम निकालात काढल्या. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात कोणत्याही अभ्यासक्रम-सुधारणेपेक्षा हा बदल अधिक खोल गेला, असे म्हणण्यास आधार आहे.

मुलींची कथा वेगळ्या गतीने चालली. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या आणि पुढच्याच वर्षी रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले, जे हुजुरपागेच्या जागेवरून हुजूरपागा म्हणूनच प्रसिद्ध पावले. मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकवावे की घरकामाला उपयुक्त असा निराळा अभ्यासक्रम द्यावा, यावर वृत्तपत्रांतून दीर्घ वाद झाला. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढून मातृभाषेतून शिक्षण आणि इंग्रजी हा सक्तीचा पण केवळ एक विषय अशी रचना केली, तेव्हा मुलांच्या हायस्कुलांत अद्याप न झालेली गोष्ट मुलींच्या शिक्षणात आधी झाली.

मराठी भाषकांचे सर्वच प्रदेश मुंबईच्या मॅट्रिकखाली नव्हते. मध्य प्रांतातील मराठी जिल्हे आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि १९२३ नंतर नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. मराठवाड्यात निजामाच्या सरकारी हायस्कुलांतून उर्दू माध्यम असल्यामुळे मराठी मुलाला गणित आणि इतिहास तिसऱ्याच भाषेत शिकावा लागे. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांना तेथे जे महत्त्व आले ते यामुळेच. पोर्तुगीज अमलातील गोव्यातही मुंबईची मॅट्रिक देणारी इंग्रजी हायस्कुले होती, आणि नोकरीसाठी मुंबईकडे पाहणाऱ्या गोवेकर कुटुंबांना लिसेवच्या, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेच्या, पोर्तुगीज शिक्षणापेक्षा तीच अधिक उपयोगी वाटत.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून घेण्यात आली. मुंबई प्रांताच्या १९४८ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळ स्थापन होऊन १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली, लोक मात्र पुढची कित्येक वर्षे तिला मॅट्रिकच म्हणत राहिले. त्याच सुमारास मुंबई सरकारने इंग्रजीचे शिक्षण पाचवीऐवजी आठवीपासून सुरू केले. मातृभाषेला मान मिळाला आणि खेड्यातील मुलाचा हायस्कुलातील प्रवेश सोपा झाला, परंतु महाविद्यालयात इंग्रजी माध्यम तसेच राहिल्यामुळे अडथळा चार वर्षे पुढे सरकला एवढेच झाले. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने वार्षिक नऊशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ केली. ‘ई.बी.सी.’ या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी ही सवलत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या सर्व जातींना लागू होती. तिची उत्पन्नमर्यादा पुढे बाराशेवर गेली, आणि तालुक्यातालुक्यांत निघालेल्या हायस्कुलांबरोबर तिने ग्रामीण महाराष्ट्राचे चित्र एका पिढीत पालटले. फुल्यांनी सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट, म्हणजे गुणांआधी परिस्थिती विचारात घेणे, सरकारी अर्जाच्या नमुन्यात तलाठ्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यासह दाखल झाली.

१९६५ च्या कायद्यानुसार महाराष्ट्राचे राज्य मंडळ १९६६ च्या आरंभी अस्तित्वात आले आणि कोठारी आयोगाने पुरस्कारलेल्या दहा अधिक दोन अधिक तीन या आकृतिबंधानुसार १९७५ मध्ये जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची परीक्षा एकाच वर्षी झाली. इंग्रजी सातवी म्हणून सुरू झालेला मॅट्रिकचा वर्ग हायस्कुलातून बाहेर पडला आणि कनिष्ठ महाविद्यालय या नव्या संस्थेत सामावला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर होऊ लागल्यामुळे निवाड्याचे ठिकाणही दोन वर्षांनी पुढे गेले. गुणवत्ता यादीत लातूरच्या मुलांची नावे मोठ्या संख्येने झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर पसरला, तेव्हा चर्चा शिकवण्याच्या पद्धतीची, सरावपरीक्षांची आणि जादा तासांची झाली. त्या शहरात खोली भाड्याने घेऊन, मेसचा डबा लावून दोन वर्षे राहणाऱ्या मुला-मुलींचा खर्च अनेक घरांत एकरभर जमीन गहाण ठेवून किंवा धाकट्या भावंडाचे शिक्षण थोपवून भागवला जात होता, आणि तो हिशेब याही वेळी निकालपत्रकाच्या बाहेरच राहिला.